मत माझ्या आईचं होतं

२० फेब्रुवारी २०२५ रोजी नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला, एका पुस्तकाचं थाटात प्रकाशन झालं. लेखक होते त्र्याऐंशी वर्षांचे निवृत्त जनरल इब्राहिम बाबांगिडा. विद्यमान राष्ट्राध्यक्ष हजर, माजी राष्ट्राध्यक्ष हजर, देशातले बडे उद्योगपती हजर. जनरलसाहेबांच्या नावानं उभ्या राहणाऱ्या ग्रंथालयासाठी त्या एका दिवसात अब्जावधी नायरांच्या देणग्या बोलल्या गेल्या. आणि पुस्तकात एक कबुली होती : १२ जून १९९३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मोशूद अबिओला यांनीच जिंकली होती.

ही निवडणूक ज्या सरकारनं रद्द केली, त्याचे प्रमुख हेच बाबांगिडा. रद्द केल्याची घोषणा आपल्या परवानगीशिवाय झाली, असं ते लिहितात. पण जबाबदारी आपलीच, हेही लिहितात. कबुलीला बत्तीस वर्षं लागत आली. अबिओला १९९८ मध्येच गेले, तेही कैदेत.

ही बातमी वाचली आणि माझ्यातला निवृत्त बँकवाला जागा झाला. चेक न वटता परत गेला की आम्ही त्याला रिटर्न मेमो जोडत असू. त्यावर कारण लिहावं लागे. खात्यात पैसे नाहीत, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, काहीतरी एक. नायजेरियाच्या मतदारांनी १९९३ मध्ये दिलेला चेक परत गेला तेव्हा मेमोवर कारणच नव्हतं. २३ जूनला सरकारच्या वतीनं जे निवेदन वाचलं गेलं त्याला लेटरहेड नव्हतं आणि त्याखाली कुणाची सहीसुद्धा नव्हती. सहीशिवाय आमच्या शाखेत कुणी अडीचशे रुपये काढू शकला नसता. तिथं एका कोऱ्या कागदावर एका देशाची निवडणूक खर्ची पडली.

नायजेरियाशी माझा संबंध काय, असं कुणी विचारील. मी त्या देशात कधी गेलेलो नाही. संबंध आला तो बँकेच्या काउंटरवरून. १९९० नंतरची चार-पाच वर्षं मी पुण्यातल्या एका शाखेत परकीय चलनाचं काम पाहत होतो. त्या काळी पुण्यात आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी असत. त्यांतला एक उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घालणारा नायजेरियन मुलगा दर तीन-चार महिन्यांनी माझ्यासमोर येऊन बसे. त्याचा मामा लंडनला नोकरीला होता. आई गावाकडे मामाच्या घरच्यांना नायरा देई, मामा तिकडून पौंडांचा ड्राफ्ट धाडी, आणि आम्ही तो ड्राफ्ट कलेक्शनला पाठवून त्याला तीन-तीन आठवडे ताटकळत ठेवत असू. त्यानं कधी आवाज चढवला नाही. आम्हीच ओशाळून त्याला चहा पाजायचो.

त्याचं नाव आमच्या कॅशियरला उच्चारता येईना, म्हणून तो त्याला ‘लागोस’ म्हणे. मुलगा दर वेळी न चिडता दुरुस्ती करी : लागोस नाही, अबेओकुटा.

नायराचा भाव मी वर्तमानपत्रातून शिकलो नाही, त्या ड्राफ्टवरून शिकलो. १९८० च्या सुमारास एका नायराला दीड डॉलरहून जास्त मिळत. तेलाचे दिवस होते ते. आपल्याकडचे शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर तिकडे नोकरीला जात. नायजेरियाची रेल्वे चालवण्याचं कंत्राटसुद्धा काही वर्षं आपल्या रेल्वेच्या ‘राइट्स’ कंपनीकडे होतं. मग तेल उतरलं, १९८६ मध्ये नायरा बाजारावर सोडला गेला, आणि १९९३ उजाडेपर्यंत एका डॉलरला वीस-बावीस नायरा मोजावे लागू लागले. आई तिकडे तेवढेच नायरा मोजत होती, किंबहुना अधिक. इकडे ड्राफ्टवरचा आकडा मात्र दर वेळी बारीक होत होता. मुलानं आधी खोली बदलली, मग खाणावळ बदलली. शर्टाची इस्त्री तेवढी राहिली.

अबेओकुटा म्हणजे ‘खडकाखाली’. लागोसच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर ओगुन नदीकाठी हे गाव आहे. १८३० च्या सुमारास लढायांना कंटाळून पळालेले एग्बा लोक ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाला आले आणि तिथंच वसले. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी वस्ती होते, तसंच काहीसं. गावाची ख्याती निळीत रंगवलेल्या कापडाची. त्याला आदिरे म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याची आई इटोकूच्या बाजारात हेच कापड विकत असे.

पुढे वाचत गेलो तेव्हा मी चकित झालो. नायजेरियाच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांतली अर्धी कथा या एका गावात सापडते. वोले सोयिंका इथले; १९८६ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं, आफ्रिकेला मिळालेलं पहिलं. गायक फेला कुटी इथला. दोनदा देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेले ओलुसेगुन ओबासांजो इथले. आणि अबिओलाही इथलेच. ओबासांजो आणि अबिओला तर एका शाळेत, तिथल्या बॅप्टिस्ट बॉइज हायस्कुलात. शाळेच्या मासिकाचे अबिओला संपादक आणि ओबासांजो उपसंपादक! कादंबरीत मी असं लिहिलं असतं तर संपादकांनी ‘योगायोग फार झाले’ असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवलं असतं.

या गावाचा पहिला धडा मात्र पुरुषांनी दिलेला नाही. फेलाची आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी शाळामास्तरीण होती. इंग्रजांच्या राजवटीत गावचा राजा, ज्याला अलाके म्हणत, बाजारात बसणाऱ्या बायकांकडून वेगळा कर वसूल करी. फुनमिलायोबाईंनी या बायकांची संघटना बांधली. हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून बसू लागल्या, आणि राजाला उद्देशून गाणी म्हणू लागल्या. गाणी सोवळी नव्हती. आपल्याकडच्या शिमग्याची आठवण व्हावी अशी. १९४९ च्या जानेवारीत अलाकेला गादी सोडून गावाबाहेर जावं लागलं. (पुढे तो परत आला, ती गोष्ट वेगळी.) शाळकरी सोयिंकानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि ‘आके’ या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं. अधिकाऱ्याला गाण्यातून शिवी देण्याची विद्या फेलाला कुठून आली, हे निराळं सांगायला नको.

फेलाला १९५८ मध्ये लंडनला धाडलं ते डॉक्टर व्हायला. त्याचे दोघे भाऊ डॉक्टर झाले. हा संगीताच्या कॉलेजात जाऊन बसला. परत येऊन त्यानं जॅझ, घानाकडचं हायलाइफ आणि योरुबा ढोल एकत्र करून स्वतःचं संगीत घडवलं. ‘आफ्रोबीट’ हे नाव त्याचंच. गाणी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मिनिटांची. भाषा बाजारातली मोडकी इंग्रजी, म्हणजे योरुबा असो, हौसा असो की इग्बो असो, प्रत्येक नायजेरियनाला कळेल अशी. लागोसमधल्या आपल्या घराला त्यानं ‘कलाकुता प्रजासत्ताक’ म्हणून जाहीर केलं. हे नाव पोलिस कोठडीतून आलं. त्याला ज्या खोलीत डांबलं होतं तिला कैदी कलकत्ता म्हणत. आपल्या कलकत्त्याची कीर्ती कुठं जाऊन पोचली होती, पाहा.

‘झोंबी’ नावाच्या गाण्यात त्यानं हुकमासरशी वळणाऱ्या, थांबणाऱ्या, मारणाऱ्या सैनिकांची टर उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी हजारभर सैनिकांनी त्याच्या घराला वेढा घातला, माणसांना झोडपलं, घर पेटवलं आणि सत्याहत्तरीच्या घरातल्या त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं. ती त्यातून पुरती उठलीच नाही. १९७८ च्या एप्रिलमध्ये वारली. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की हे कृत्य कुण्या अज्ञात सैनिकाचं. त्यावरही फेलानं गाणं केलं, ‘अननोन सोल्जर’. आणि आईच्या नावाची शवपेटी खांद्यावरून नेऊन लष्करी राज्यकर्त्यांच्या दारात ठेवून आला. त्या वेळी राज्यकर्ते होते ओबासांजो, म्हणजे गावचेच.

फेब्रुवारी १९७७. आपल्याकडे तेव्हा आणीबाणीच्या अखेरच्या दिवसांत निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या होत्या. मी कॉलेजात जाण्याच्या वयाचा होतो. मार्चमध्ये निकाल लागले आणि हरलेल्यांनी खुर्ची सोडली. त्या वेळी त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. निकाल लागल्यावर खुर्ची सोडायचीच असते, असा आपला समज.

इथं एक गोष्ट मला राहून राहून टोचते. नायजेरियाचे हे लष्करी राज्यकर्ते काही अंशी आपल्याकडे शिकलेले होते. बाबांगिडा १९६३ मध्ये डेहराडूनच्या लष्करी अकादमीत होते. बुहारी १९७३ मध्ये निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. आणि ओबासांजो? १९६५ मध्ये आधी वेलिंग्टनला, मग चक्क पुण्यात, लष्करी अभियांत्रिकीच्या शाळेत. १९६६ च्या जानेवारीत ते मायदेशी परतले ते थेट नायजेरियाच्या पहिल्या लष्करी उठावात जाऊन पडले. काडुना इथली त्यांची डिफेन्स अकादमी १९६४ मध्ये उभी राहिली तीही भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीनं. आपण त्यांना पूल बांधायला शिकवलं, नकाशा वाचायला शिकवलं. ज्यांनी शिकवलं ते आपले अधिकारी रीतसर निवृत्त होऊन पेन्शनीत गेले. जे शिकून गेले ते राष्ट्राध्यक्ष झाले. असं का झालं, याला पुस्तकांतून पुष्कळ उत्तरं सापडतात. इंग्रजांनी उत्तर-दक्षिण अशी मोट बांधली, तीन मोठे समाज एकमेकांकडे संशयानं पाहत राहिले, १९६७ ते १९७० यादवी झाली, आणि तेलाचा सगळा पैसा एकाच तिजोरीत जमू लागला. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, देश त्याचा. बँकेत काढलेल्या आयुष्यामुळे असेल, मला हे शेवटचं कारण सगळ्यांत पटतं.

आता अबिओला. त्यांचं एक नाव कशिमावो. अर्थ, ‘बघू या काय होतं ते’. वडिलांचं हे तेविसावं अपत्य, आणि तान्हेपण ओलांडून जगलेलं पहिलं. आपल्याकडे मुलं जगत नसली की नव्या बाळाला दगडू नाही तर धोंडू म्हणतात, तीच कळ या नावात आहे. हा कशिमावो लहानपणी पहाटे जंगलात जाऊन लाकूडफाटा आणून विकायचा. पुढे ग्लासगोला जाऊन हिशेबतपासनीस झाला. आयटीटी या अमेरिकन टेलिफोन कंपनीचा आफ्रिकेतला मोठा अधिकारी झाला. लष्करी सरकारांना टेलिफोनची यंत्रणा विकून अफाट श्रीमंत झाला. वर्तमानपत्र काढलं, विमानं घेतली, बेकऱ्या काढल्या, अनेक लग्नं केली, शेकडो मुलांच्या फिया भरल्या, फुटबॉलचा संघ पोसला. जनरल लोकांशी त्याचं मेतकूट होतं; बाबांगिडा तर जुने मित्र.

फेलाचं आणि त्यांचं वैर रेकॉर्ड कंपनीपासूनचं. १९८० मध्ये फेलानं कंपनीच्या आद्याक्षरांचा आपल्या परीनं विस्तार करून गाणं केलं, ‘इंटरनॅशनल थीफ थीफ’. त्यात अबिओला आणि ओबासांजो या दोघांची नावं घेऊन त्यांना चोर म्हटलं आहे. गाव एक, गायक एक, आणि चोर म्हणून ज्यांची नावं घेतली ते दोघे वर्गमित्रासारखे.

आणि याच अबिओलांसाठी १२ जून १९९३ ला सारा देश रांगेत उभा राहिला. त्या निवडणुकीची तऱ्हाही अजब. दोनच पक्ष, दोन्ही लष्करी सरकारनंच काढलेले, एक ‘थोडासा डावा’ आणि दुसरा ‘थोडासा उजवा’. जाहीरनामेसुद्धा सरकारनंच लिहून दिलेले. अशा निवडणुकीत लोक फिरकणार नाहीत असं वाटावं. पण लोकांनी एवढ्याशा फटीतून हात बाहेर काढला. दक्षिणेतला योरुबा अबिओला उत्तरेत, प्रतिस्पर्ध्याच्या कानो या घरच्या राज्यातही जिंकला. जमात पाहून, धर्म पाहून मत देणारा देश म्हणून ज्याची ख्याती, त्यानं त्या एका दिवशी ते पाहिलं नाही. अठ्ठावन्न टक्के मतं अबिओलांना. काही राज्यांचे निकाल जाहीर झाले, मग एकाएकी थांबले, आणि मग तो बिनसहीचा कागद आला.

आमचा विद्यार्थी जुलैत ड्राफ्ट घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या काही दिवस आधीच त्यानं मला फेलाची एक कॅसेट ऐकायला दिली होती. त्यात नेमकं हेच गाणं. शब्द अर्धेमुर्धे कळले तरी अबिओला हे नाव स्पष्ट ऐकू येत होतं. मी शहाणपणा करून म्हटलं, ‘अहो, तुमचाच गायक तर त्यांना चोर म्हणतो. मग एवढं वाईट वाटून का घेता?’

तो थोडा वेळ काउंटरच्या काचेकडे पाहत राहिला. म्हणाला, ‘चोर असेल, सर. पण मत माझ्या आईचं होतं.’

त्याची आई त्या दिवशी दुकान बंद ठेवून रांगेत उभी राहिली होती. हे त्याला पत्रातून कळलं होतं. मी पुढं काही बोललो नाही. ड्राफ्टच्या पाठीमागं त्याची सही घेतली आणि पावती दिली.

गेल्या तीस वर्षांत लोकशाहीवर मी पुष्कळ भाषणं ऐकली, एक-दोन केलीही. पण अबिओला चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हता, हे त्या मुलानं मला जेवढ्या थोडक्यात सांगितलं तेवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये बाबांगिडा बाजूला झाले. हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून आले अर्नेस्ट शोनेकान, तेही एग्बाच. तीन महिन्यांत, १७ नोव्हेंबरला, जनरल सानी अबाचांनी त्यांना घरी बसवलं. नायजेरियानं पाहिलेला हा सर्वांत काळा अंमल. आणि याच काळात तिथला फुटबॉल असा काही बहरला की त्याला तोड नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत होता. नायजेरिया प्रथमच त्यात उतरला होता. २१ जूनला त्यांचा सामना बल्गेरियाशी, आपल्याकडे २२ ची पहाट. पहिला गोल रशिदी येकिनीचा. त्यानं गोलच्या जाळीत दोन्ही हात घातले, मुठीत जाळी धरली आणि आकाशाकडे पाहून रडत-ओरडत काहीतरी म्हणत राहिला. तो क्षण ज्यानं पाहिला तो विसरणार नाही. ३-० असा विजय. त्या दिवशी आमचा विद्यार्थी बँकेत काही काम नसताना आला आणि सगळ्या स्टाफला त्यानं चहा पाजला, पहिल्यांदाच. कॅशियरनंही त्या दिवशी त्याला ‘अबेओकुटा’ म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी, २३ जूनला, अबिओलांना अटक झाली. निवडणुकीला वर्ष झालं म्हणून त्यांनी ११ जूनला लागोसमध्ये स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणून जाहीर केलं होतं. दोन्ही बातम्या आमच्याकडे पाठोपाठ आल्या. त्यानंतर तो बरेच दिवस दिसला नाही.

पुढची दोन वर्षं मी त्या देशाच्या बातम्या शोधून वाचल्या. सोयिंका १९९४ मध्ये मोटारसायकलवरून सरहद्द ओलांडून निसटले. ओबासांजो स्वतःच १९९५ मध्ये तुरुंगात गेले. १० नोव्हेंबर १९९५ ला लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिली. आपल्या ओगोनी लोकांच्या जमिनी तेलानं नासल्या म्हणून ते लढत होते. नेल्सन मंडेलांनी जाहीर निषेध केला. अबाचांनी रागाच्या भरात काय करावं? १९९६ ची आफ्रिका चषकाची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत होती आणि नायजेरिया गतविजेता होता. त्यांनी संघच पाठवला नाही. ४ जून १९९६ ला अबिओलांची पत्नी कुदिरात हिला लागोसमध्ये भर रस्त्यात मोटारीत गोळ्या घातल्या. ती नवऱ्याच्या सुटकेसाठी दारोदार फिरत होती.

आणि त्याच उन्हाळ्यात अटलांटाचं ऑलिंपिक. ज्यांना आफ्रिका चषक खेळू दिला नाही तीच मुलं उपांत्य फेरीत ब्राझीलसमोर उभी राहिली. ब्राझील ३-१ नं पुढं. इथं बहुतेकांनी टीव्ही बंद केले असतील. एक गोल झाला, ३-२. शेवटच्या मिनिटाला न्वान्क्वो कानूनं गोलरक्षकाच्या पुढ्यात चेंडू अलगद उचलून बरोबरी साधली, आणि जादा वेळेत चौथ्या मिनिटाला त्यानंच विजयी गोल केला. ३ ऑगस्टला अंतिम सामन्यात अर्जेंटिना ३-२ नं हरली. आदल्या दिवशी चिओमा अजुनवा या महिला पोलिसानं लांब उडीत सुवर्णपदक मिळवलं होतं, नायजेरियाचं वैयक्तिक असं पहिलंच. आपण त्या ३ ऑगस्टला लिअँडर पेसच्या ब्राँझपदकाच्या आनंदात होतो. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर चव्वेचाळीस वर्षांनी आलेलं ते पदक. त्यामुळे नायजेरियाचं सुवर्ण आपल्या पानांवर तळाशी गेलं. मी ते कात्रण कापून ठेवलं होतं. ज्याला दाखवायचं तो मात्र शिक्षण संपवून परत गेला होता.

हा विजय अबाचांना मिरवायला मिळाला, हे खरं. हुकूमशहांना खेळ फार आवडतो. पण कानूनं मारलेला तो गोल अबाचांचा होता असं तिथल्या कुणाला वाटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. त्याच वर्षी कानूच्या हृदयात दोष निघाला, अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा खेळला. पुढे त्यानं हृदयरोगी मुलांसाठी संस्था काढली. तिच्यामार्फत शस्त्रक्रियेसाठी आलेली मुलं आपल्या देशातल्या रुग्णालयांतूनही बरी होऊन गेली आहेत.

फेला २ ऑगस्ट १९९७ ला गेला. त्याचा थोरला भाऊ ओलिकोये, बालरोगतज्ज्ञ आणि देशाचा माजी आरोग्यमंत्री, यानं पत्रकारांना बोलावून सांगितलं की माझा भाऊ एड्सनं गेला. ज्या काळात हा शब्द घरात उच्चारत नसत त्या काळात. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. ८ जून १९९८ ला अबाचा अचानक वारले. आता अबिओला सुटणार, अशी हवा झाली. ७ जुलैला अमेरिकन शिष्टमंडळ त्यांना भेटायला आलं, चहा आला, आणि बोलता बोलता त्यांची प्रकृती बिघडली. संध्याकाळपर्यंत ते संपले. हृदयविकार, असं वैद्यकीय तपासणीनं ठरवलं. लोकांनी ते पूर्णपणे मानलं नाही.

१९९९ मध्ये निवडणूक झाली आणि राष्ट्राध्यक्ष झाले ओबासांजो. आठ वर्षं राहिले. शाळेतल्या आपल्या संपादकासाठी या उपसंपादकानं त्या आठ वर्षांत काही केलं नाही. लोकशाही दिन म्हणून पाळायला घेतला तो २९ मे, स्वतः शपथ घेतली तो दिवस. १२ जूनला लोकशाही दिन ठरवलं २०१८ मध्ये, आणि कुणी? तर बुहारींनी. १९८३ च्या अखेरीस निवडून आलेलं सरकार उलथवून सत्तेवर बसलेले, १९८४ मध्ये परदेशी चलन बाळगल्याच्या आरोपाखाली फेलाला तुरुंगात धाडणारे बुहारी! त्यांना लोकांनी २०१५ मध्ये मतपेटीतून परत आणलं होतं. त्या वेळी हरलेले गुडलक जोनाथन यांनी फोन करून अभिनंदन केलं; खुर्चीवरचा माणूस निवडणुकीत हरून निमूट घरी जाणं त्या देशात पहिल्यांदाच घडलं. अबुजाच्या राष्ट्रीय स्टेडियमला आता मोशूद अबिओलांचं नाव आहे.

बुहारींचं आणि नोटांचं मात्र काहीतरी वाकडं होतं. १९८४ मध्ये त्यांनी नोटांचे रंग बदलून सरहद्दी बंद केल्या होत्या. २०२२ च्या अखेरीस पुन्हा मोठ्या नोटा बदलल्या, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, ऐन निवडणुकीच्या महिन्यात, देशात रोकडच मिळेना. बँकांपुढच्या त्या रांगांचे फोटो पाहताना मला आपल्या २०१६ च्या नोव्हेंबरातली कॅशियर मंडळी आठवली. शिव्या खिडकीतल्या माणसालाच बसतात, देश कुठलाही असो. शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जुन्या नोटा चालू ठेवायला लावल्या. त्यानंतरचे टिनुबू हे १२ जूनच्या चळवळीत परागंदा झालेले. त्यांनी आल्याआल्या पेट्रोलवरचं अनुदान काढलं, नायरा मोकळा सोडला, आणि २०२४ मध्ये एका डॉलरला दीड हजारांहून अधिक नायरा पडू लागले. महागाई आवरेना, राष्ट्रगीत तेवढं बदलून १९७८ पूर्वीचं परत आणलं. इटोकूच्या बाजारात कापड विकून पुण्यात मुलगा शिकवणं आज कुणाला शक्य होईल, मला माहीत नाही.

नायजेरियाची गाणी मात्र आता आपल्या घरात शिरली आहेत. रेमाचं ‘काम डाऊन’ २०२३ मध्ये आपल्याकडे लग्नाच्या मांडवात वाजत होतं. वाजवणाऱ्यांना गायक कुठला हे ठाऊक असेलच असं नाही. बर्ना बॉयला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच्या आईचे वडील हे फेलाचे पहिले व्यवस्थापक. ही नवी गाणी गोड आहेत, गुळगुळीत आहेत, तीन मिनिटांत संपतात. मला त्यांत फेलाची शिवी सापडत नाही. पण २०२० च्या ऑक्टोबरात पोलिसी जुलमाविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर आली तेव्हा यांतले पुष्कळ गायक त्यांच्यासोबत होते. लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर २० ऑक्टोबरच्या रात्री जमाव राष्ट्रगीत म्हणत बसला होता आणि सैन्यानं गोळ्या चालवल्या. तेव्हा माझी तक्रार मी फार लांबवत नाही.

बाबांगिडांच्या पुस्तकाची बातमी वाचली त्या रात्री मी माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. जाताना त्या मुलानं ती कॅसेट मलाच देऊन टाकली होती. फीत चिकटली होती, आणि टेपरेकॉर्डर तर केव्हाच भंगारात गेला. नातवाला गाण्याचं नाव सांगितलं. त्यानं दहा सेकंदांत फोनवर लावून दिलं आणि शेजारी बसून राहिला. ड्रम झाले, गिटार झाली, बाजे आले, गेले, पुन्हा आले. पाच मिनिटं गेली तरी गाणाऱ्याचा पत्ता नाही.

‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘गाणं सुरू कधी होणार?’

‘थांब जरा,’ मी म्हटलं. ‘होईल.’